कॉफी रंगावर पांढरे पट्टे

शनिवारी दुपारी आमच्या घरातली मशिनं मध्येच थांबायची. कुणी थांबा म्हणायचं नाही. अप्पा पायडलवरचा पाय उचलायचे, आई चाकावर तळहात ठेवायची आणि मी हातातली सुई साटनात तशीच खुपसून खिडकीकडे बघायची, जसं काही तिथून काही दिसणारच होतं. दिसायची ती समोरच्या घराची कौलं आणि त्यांच्यामागे रेल्वेचा धूर. पण ऐकू यायचं. रुळांच्या पलीकडून, झाडांच्या डोक्यावरून, आधी पातेल्यात दूध चढताना येतो तसा हलका आवाज, मग तो वाढत वाढत जायचा आणि शेवटी सगळं मैदान एकाच गळ्यानं ओरडल्यासारखा एक लोट आमच्या गल्लीवरून निघून जायचा. मग शांत. आई चाकावरचा हात काढायची आणि म्हणायची, "झालं. कुणाचं चांगलं झालं कुणास ठाऊक." की मशीन पुन्हा सुरू. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, बनशंकरीत पाचव्या मजल्यावर राहते मी. खिडकीतून आवाज पुष्कळ येतात, पण कान लावून बसावं असा एकही येत नाही. शनिवारी दुपारी मात्र अजून माझा हात जरा थांबतो. भाजी चिरत असले तरी थांबतो.

आम्ही शिंपी. कोणे एके काळी कुठल्याशा फौजेबरोबर तंबू शिवायला या मुलखात आलो, फौज गेली आणि आम्ही राहिलो, असं अप्पा सांगायचे. मराठी आमची घरातली, उंबऱ्याबाहेर कन्नड. शाळेतही कन्नडच, म्हणून माझं हे मराठी लिहिणं असं बोलल्यासारखं आहे, ते गोड मानून घ्या. तर तंबू संपले, साहेबांचे कोट संपले, आणि अप्पांच्या वडिलांपासून आमच्याकडे आले जॉकींचे सदरे. रेसच्या घोड्यावर जो बसतो ना, तो घालतो ते रंगीत साटनचे सदरे आणि टोपीवरच्या खोळी. प्रत्येक मालकाचा रंग ठरलेला. पिवळ्यावर काळा तिरका पट्टा, गुलाबीवर पांढरे चौकडे, हिरव्यावर चांदण्या, जांभळ्याला लाल बाह्या. शेषाद्रिपुरमच्या खालच्या अंगाला आमचं ते अंधारं, लांबोडकं घर, पण मोसमात दोरीवर सदरे वाळत घातले की आत इंद्राचा दरबार भरल्यासारखं वाटायचं. कोळशाच्या इस्त्रीचा वास, मशीनच्या तेलाचा वास आणि मागच्या चुलीवर अवरेकाळूची, म्हणजे पावट्याची, उसळ शिजत असायची, तिचा तो ओला, हिरवा, भूक चाळवणारा वास. हे तिन्ही वास एकत्र मला परत कधी मिळाले नाहीत. अवरेकाळू मिळतात, सोलून पिशवीत घालून मिळतात आता. पण नुसत्या अवरेकाळूंचं काय करू?

साटन फार नखरेल कापड बरं का. बोटाला जराशी भेग असली, नखाची कोर वाकडी असली, की धागा अडकतो आणि 'चर्र' होतं. तो आवाज झाला की घरातले सगळे एकदम वर बघायचे. म्हणून मोसमात आमच्या घरी बायकांनी भांड्यांना हात लावायचा नाही, राखेला नाही, नारळाच्या शेंड्यांना नाही. काज, बटणं, चांदण्या चिकटवून हातानं टाके घालणं, हे सगळं आईचं आणि माझं. रोज हातांना खोबरेल चोळायचं, वरून तांदळाची पिठी. आणि भांडी कोण घासणार? अप्पा! काय सांगू तुम्हाला, एवढे मिशीवाले अप्पा, गल्लीत सगळे ज्यांना 'मास्टर' म्हणून मान देत, ते पहाटे परसात बसून कढया घासायचे. शेजारच्यांनी बघू नये म्हणून पहाटे. बघायचे सगळेच. "मास्टर, आमच्या घरची पण आणू का?" असं कुणीतरी भिंतीपलीकडून विचारायचं, आणि अप्पा म्हणायचे, "आण की. तुझ्या बायकोचे हात दाखव आधी, मऊ असले तर घासतो."

घराचे दोन नियम. पहिला, आपल्यातलं कुणी रेसला जायचं नाही. अप्पा सदऱ्यांचं गाठोडं घेऊन रेसकोर्सच्या मागच्या फाटकापर्यंत जात, जॉकींच्या कपड्यांची खोली सांभाळणारा डेव्हिड होता, त्याच्या हवाली करत, आणि परत. त्यांनी आयुष्यात एक शर्यत पाहिली नाही. दुसरा नियम, आत काय शिवलं जातंय ते उंबऱ्याबाहेर बोलायचं नाही. कारण रेसवाल्यांच्या डोक्यात एक पक्कं बसलेलं होतं: मालकानं नवा सदरा शिवायला टाकला, म्हणजे त्याला घोडा जिंकायची खात्री आहे, जिंकलेल्या घोड्याबरोबर फोटो निघतो ना, त्यासाठी नवा सदरा. त्यामुळे कापडाच्या चिंध्यासुद्धा आम्ही रस्त्यावर टाकत नव्हतो. कुणी दारात येऊन मला चिक्की द्यायचं, "मरी," म्हणजे बाळा, "आज कुठला रंग गं तुमच्याकडे?" मी म्हणायची, "सगळे." चिक्की खायची आणि आत पळायची. त्या सगळ्या चिंध्यांची आईनं एक गोधडी केली होती. तिच्याखाली झोपलं की गार गार लागायचं, आणि सारखी घसरायची. हिवाळ्यात काही उपयोग नाही तिचा. पण दिसायला!

आणि नुसतं आमचंच घर नव्हे. गल्लीच्या तोंडाशी नाल ठोकणारा होता. गवताचे भारे वाहणारे होते. शेंगदाण्यांना तिखट-कढीपत्ता लावून पुड्या बांधणारं एक अख्खं घर होतं. एक बाई पहाटे उठून चित्रान्न, तो लिंबू पिळलेला पिवळा भात, करून रेसकोर्सच्या दाराशी नेऊन विकायची. रेसच्या दिवशीच्या टिपा छापणारा छापखाना, आणि अर्थातच कोपऱ्यावर गिरवीचं, गहाणवटीचं दुकान, त्याच्या शेजारी सारायीचं, म्हणजे दारूचं. सगळे एकाच घोड्याच्या पाठीवर बसलेले. एकदा घोड्यांमध्ये कसलीशी साथ आली आणि रेस बंद पडल्या. लांबतच गेल्या. तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका गणपतीला गेल्या, घोडे बरे व्हावेत म्हणून. ज्या बायका शनिवारी संध्याकाळी दारात उभ्या राहून त्याच रेसच्या नावानं बोटं मोडायच्या, त्याच. मी नारळाची पिशवी धरून आईबरोबर होते. आईला विचारलं, "अगं, रेस बंद झाल्या तर चांगलंच की नाही?" आई म्हणाली, "चांगलंच. पण संध्याकाळी काय शिजवू?"

माझी नात मीरा महादेवपुऱ्याला एका ऑफिसात होती. फोनवर पत्ते खेळायचे, पैसे लावून, तसला खेळ काढायची ती कंपनी. मीराचं काम रंगांचं. बटण कुठल्या रंगाचं असलं की माणूस पुन्हा दाबतो, ते ठरवायचं. मला तिनं मोठ्या हौसेनं दाखवलं होतं, "अज्जी, हा पिवळा बघ, किती जिवंत वाटतो ना?" पिवळा खरंच छान होता. मग सरकारनं तसले खेळ बंद केले, आणि पोरगी घरी. एके दिवशी चहा पिताना म्हणाली, "मी काय कुणाला खेळ म्हणून सांगितलं नव्हतं. मी रंग करत होते फक्त." तेव्हा मला गौरक्का आठवली. म्हणजे ती आठवायला कारण लागतं असं नाही, पण तेव्हा ठरवलं, लिहायचं.

गौरक्का आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. तिचा नवरा नंजप्पा मिलमध्ये साच्यावर. माणूस असा मोकळा, हसरा, की त्याच्यावर रागावणं अवघड. येता-जाता गाणं, आईला "अक्का", अप्पांना "अण्णा", मला "मरी". मिलमधून येताना बायकोसाठी मल्लिगेचा, मोगऱ्याचा गजरा आणायचा, तोही उधारीवर. पण शनिवारी पगार झाला की पाय घराकडे वळायचेच नाहीत. रूळ ओलांडून थेट रेसकोर्स. आणि परत येताना तेच गाणं, जरा हळू. गौरक्काचं जे जे सोन्याचं होतं ते एकेक करून कोपऱ्यावरच्या दुकानात गेलं, तेव्हा ती आमच्या दारात येऊन उभी राहिली. आईला म्हणाली, "अक्का, मला पण टाके घालायला शिकव. स्वल्प दिलंस तरी चालेल."

आईनं तिचे हात हातात घेतले आणि तोंड वाकडं केलं. खरबरीत, राखेनं भाजल्यासारखे हात. पहिल्याच दिवशी चर्र, चर्र, चर्र. अप्पा आत हातातली कातर ठेवून कपाळाला हात लावून बसले. मग आईनं तिला नुसतं बसवून ठेवलं. दुपारभर खोबरेल चोळायचं, पिठी लावायची, कापडाला हात लावायचा नाही. गौरक्का लाजून म्हणायची, "अय्यो, मला काय नवरी करतेयस काय, अक्का?" आणि तिच्या घरची भांडी? तीही अप्पांनी घासली, विश्वास ठेवा. हळूहळू हात मऊ झाले. आणि मग बसली की जी बसली! बोलायला एकदम तरबेज, आमचं मराठी महिन्या-दोन महिन्यांत उचललं, त्यात आपलं कन्नड घातलं, आणि अशी काही भाषा बोलायला लागली की आम्ही तिघंही तशीच बोलायला लागलो. तिच्यासमोर कुठला सदरा आला की ती त्याच्याशी भांडायची. "हा हिरवा बघ, चांदण्या घालून बसलाय लबाड. ह्यानं माझ्या बांगड्या खाल्ल्या." टाका घालायची. "आणि हा जांभळा. माझी बोरमाळ." टाका.

"मग शिवू नको त्याचं," आई म्हणायची.

"न शिवून काय खाऊ? बोरमाळ त्यानं खाल्ली, आता भात तरी त्यानंच द्यायला नको?"

आम्ही हसून हसून लोळायचो. ती पण हसायची. आता लिहिताना हसू येत नाही, पण तेव्हाचं हसू खोटं नव्हतं. ते दिवस आमच्या घरातले सगळ्यात भरलेले दिवस होते. मला परत द्यायचे म्हटले तर मी तेच मागीन, गौरक्का माझ्या शेजारी बसलेली, मांडीवर साटन पसरलेलं, दातात धागा धरून ती बोलतेय आणि तिच्या केसातल्या उधारीच्या मोगऱ्याचा वास येतोय.

आता तो कॉफी रंगाचा सदरा. एक म्हातारे मालक होते, पूर्वी मोठे, आता एकच घोडा उरलेला, तोही असा की सगळ्यात शेवटी यायचा. त्यांचा रंग कॉफी आणि वर पांढरे आडवे पट्टे. नवा सदरा त्यांनी कितीतरी वर्षांत टाकला नव्हता. तोच तो उसवायचा, डेव्हिड तोच दुरुस्तीला पाठवायचा. काखेत ठिगळ, कोपराला रफू. अप्पा म्हणायचे, "ह्यात आता त्यांचं कापड कमी आणि माझा दोराच जास्त आहे." त्या हिवाळ्यात तो परत आला आणि गौरक्काच्या वाट्याला गेला. तिनं त्याच्याशी भांडण केलं नाही. म्हणाली, "ह्या बिचाऱ्यानं माझं काही खाल्लेलं नाही. ह्याच्यावर कोण लावतंय!"

त्याच सुमाराला मिलचा बोनस झाला. त्या शनिवारी अप्पा गाठोडं घेऊन फाटकाकडे गेले होते, घरात आई, मी आणि गौरक्का. गौरक्का सकाळपासून गप्प. तिचं गप्प बसणं म्हणजे घरात कुणी आजारी असल्यासारखं. शेवटी आईनं विचारलं, "काय गं, जीभ कुठं गहाण टाकलीस?"

तिनं सुई कापडात खोचली. "अक्का, मी त्याला रंग सांगितला."

आईच्या हातातलं कापड खालीच आलं. "काय?"

"रात्रंदिवस मागे लागला होता. बोनस हातात आलाय, एकदाच सांग, तुझ्याकडे नवा सदरा कुणाचा आलाय, एकदाच. शेवटी देवीसमोर उभं केलं मी त्याला. म्हटलं, सांगते, पण हा घोडा हरला तर परत रेसकोर्सची पायरी चढायची नाही. चढणार नाही म्हणाला. कुंकवाला हात लावून म्हणाला." मग हळूच म्हणाली, "मी कॉफी सांगितला. म्हटलं, नवा कोरा शिवलाय."

आईला कळायला जरा वेळ लागला. मग ती म्हणाली, "म्हणजे हरायचाच."

"हरायचाच. थोडं थोडं हरतो म्हणून थांबत नाही तो, अक्का. एकदा सगळा हरू दे. बोनस तसाही जाणारच होता. माझ्या हातानं गेला तर शेवटचा तरी जाईल."

आई रागावली नाही. रागवायला हवं होतं, नियम मोडला होता. पण ती उठली, देवापुढे गेली आणि निरांजनात तेल घातलं. मग येऊन बसली. आम्ही तिघी काम धरून बसलो, काम कसलं, नुसतं हातात धरलेलं. लांबून तो आवाज सुरू झाला, तसा आईनं हात मशीनच्या चाकावर ठेवला. दूध चढायला लागलं. गौरक्कानं डोळे मिटले, ओठ हलत होते. आवाज वाढला, वाढला, आणि मी त्या मोठ्या लोटाची वाट बघत राहिले.

लोट आलाच नाही. आवाज मध्येच कापल्यासारखा बसला. पातेलं चुलीवरून उतरवल्यासारखा. मग नुसतं गप्प. इतकं गप्प की समोरच्या कौलावर कावळा चालला तेही ऐकू आलं.

"संपली काय?" गौरक्का म्हणाली. "ओरडले का नाहीत?" आणि तिच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं, तिला वाटलं, हे चांगलंच. पण मी आईकडे बघत होते. आईनं लग्न झाल्यापासून ते मैदान कानांनी ऐकलं होतं. चाकावर तिचा हात तसाच होता. सगळ्यांचा लाडका घोडा जिंकला की मैदान ओरडतं. ज्याच्यावर कुणीच लावलेलं नाही असा घोडा पुढे आला, की एवढं मोठं मैदान असं मुकं होतं. आई म्हणाली, "गौरा, उठ. घरी जा." एवढंच. गौरक्काला काही कळलं नाही. ती आईकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि मग हळूहळू, एकेक टाका उसवावा तसं तिचं हसू उसवत गेलं.

संध्याकाळी नंजप्पा जटक्यात, टांग्यात बसून आला. गल्लीच्या तोंडापासून मैसूरपाक वाटत. मोगऱ्याचा गजरा नाही, मोगऱ्याची टोपलीच. गौरक्काला रेशमी साडी. आईच्या पाया पडला, म्हणाला, "अक्का, तुमच्या घरातलं अन्न खाते ती, म्हणून हे झालं!" सगळ्या बायका जमल्या, "काय गं तुझं नशीब, गौरा!" आणि ती मध्यभागी, साडी हातावर टाकलेली, जणू कुणाचं तरी ओझं थोडा वेळ धरायला दिलंय. मी आजपर्यंत कुणाला जिंकल्यावर इतकं हरलेलं पाहिलं नाही. आणि खोटं कशाला बोलू, मैसूरपाक फार चांगला होता. तुपानं थबथबलेला. मी दोन वड्या खाल्ल्या.

सोमवारी तो मिलला गेला नाही. नंतरही गेला नाही. "साच्यापुढं उभं राहून कुणाचं भलं झालंय?" म्हणायचा. आणि आमच्या दारात माणसं यायला लागली. आधी चिक्की घेऊन, मग नारळ घेऊन, मग नुसतेच येऊन पायरीवर बसायचे. गौरक्का आत आली की विचारायचे, बाहेर गेली की विचारायचे. तिनं कपाळाला हात लावून सांगितलं, मला काही माहीत नाही. ते म्हणायचे, तसंच म्हण, आम्ही कुणाला सांगणार नाही.

मग डेव्हिड आला. एरवी तो आईच्या हातचा आंबट-गोड गोज्जू-भात खाल्ल्याशिवाय जायचा नाही. त्या दिवशी उंबऱ्यातच उभा राहिला. काखेत नवं साटन, कॉफी रंगाचं. म्हातारे मालक इतके खूष, की त्यांनी नवा सदरा टाकला होता. ते कापड अप्पांच्या हातात देऊन तो म्हणाला, "मास्टर, हे शेवटचं असेल. वर बातमी गेलीये, शिंप्याच्या घरातून रंग फुटतो. ती बाई इथं राहिली तर पुढचं गाठोडं दुसरीकडे जाईल. मी सांगतोय ते तुमच्या भल्याचं."

गौरक्का आतून उठून आली. "मी खोटं सांगितलं होतं," ती म्हणाली. "डेव्हिडण्णा, ऐक. जुना सदरा होता. ठिगळ लावलेला. मीच लावलं ठिगळ. मी खोटं सांगितलं होतं, तो हरावा म्हणून."

डेव्हिड हसला. वाईट हसला नाही, बिचारा आपला हसला. "असं खोटं मला पण सांग की कधीतरी, अम्मा."

तो गेल्यावर अप्पा कितीतरी वेळ ते कापड हातात घेऊन उभे होते. मला वाटत होतं, ते म्हणतील, जाऊ दे ते काम, आपण शाळेचे गणवेश शिवू. अजूनही कधी कधी वाटतं, त्या क्षणी त्यांनी तसं म्हटलं असतं तर. पण गाठोडं गेलं असतं तर आमची चूल गेली असती, आणि अप्पा काही शाळेचे गणवेश शिवणारे नव्हते, त्यांच्या वडिलांनी त्यांच्या हातात साटनच दिलं होतं. ते म्हणाले, "गौरा…" तिनंच ते सोपं केलं. "सरी, बरं, अण्णा," म्हणाली. हातातली सुई मशीनवरच्या सुयांच्या गादीत टोचली, माझ्या गालावरून हात फिरवला, मऊ, पिठीचा वास येणारा हात, आणि गेली. जाताना आईला म्हणाली, "अक्का, त्या हिरव्याच्या दोन चांदण्या राहिल्यात."

जिंकलेलं सगळं पावसाळ्याच्या आत गेलं. मिलनं दुसरा माणूस घेतलेला. त्यांनी घर सोडलं आणि गावाबाहेर, बनशंकरीकडे, नव्या घरांची कामं निघाली होती तिकडे गेले, असं कुणीतरी सांगितलं. ती वाळू-सिमेंटची घमेली उचलते म्हणाले. मी आता जिथं राहते ती इमारत नवी आहे. पण खाली दोन गल्ल्या सोडून काही जुनी घरं अजून उभी आहेत. फिरायला जाते तेव्हा त्यांच्या भिंतींकडे बघते. एकदा एका भिंतीला हात लावून पाहिला, तर आतली बाई खिडकीतून म्हणाली, "काय हवंय, अम्मा?" काय सांगणार?

आमच्याकडे कामं येत राहिली. मी गौरक्काच्या वाट्याचंही काम करायला लागले, तिच्या जागी बसायला लागले. शनिवारी मैदान ओरडायचं, आई चाकावर हात ठेवायची. पण "कुणाचं चांगलं झालं कुणास ठाऊक" हे तिचं वाक्य बंद झालं. आणि मला वाटतं, आमच्या घरातलं मोठ्यानं हसणंही त्याच सुमाराला बंद झालं, पण ते असं एका दिवसात कळत नाही. पुष्कळ दिवसांनी लक्षात येतं, अरे, किती दिवस झाले.

माझ्या लग्नात ती आली. कुणी बोलावलं, माहीत नाही. आईनंच निरोप धाडला असणार, ती कधी बोलली नाही. जेवणाच्या पंगती उठत होत्या, आणि मंडपाच्या कडेला ती उभी, वाळून काळी पडलेली, केसात मोगरा नाही. मी धावत गेले. "केवढी झालीस गं, मरी," म्हणाली. आईनं विचारलं, "नंजप्पा नाही आला?"

"आज शनिवार ना, अक्का."

ती माझ्याकडे बघत होती, साडीकडे, धर्मावरमची जांभळी रेशमी साडी होती माझी, लाल काठांची. "हा जांभळा," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत जुनी गौरक्का एकदम आली, "लबाड कुठला." आणि तिनं माझ्या खांद्यावरून पदरावर हात फिरवला.

चर्र.

तिनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला, आणि पदराच्या आत लपवला. कुणीही तो आवाज ऐकला नसेल, एवढा मंडप, एवढी माणसं. पण आईनं ऐकला. आई आली, तिनं गौरक्काचे हात पदराखालून ओढून काढले, आणि तिथंच, आहेराच्या पाटाशी, देवाच्या तेलाची वाटी होती त्यात बोटं बुडवून ते तिच्या हातांना चोळायला लागली. एकेक बोट. नखाच्या कडा. भेगा. जसं पहिल्या दिवशी चोळलं होतं तसं. लोक बघायला लागले. गौरक्का हसत होती आणि हात सोडवून घेत होती, "सोड, अक्का, काय करतेस, सगळे बघतायत. आता कशाला? आता मला कुठं साटन शिवायचंय?"

आई चोळतच राहिली.

ती साडी माझ्याकडे आहे. मीरानं परवा कपाटातून काढली आणि म्हणाली, "अज्जी, खांद्यावर एक धागा निघालाय बघ, दुरुस्त करून देऊ का कुणाकडून?" मी म्हटलं, दुरुस्त काय करायचंय त्यात, सुईच्या टोकानं आत ओढला की झालं, शिंप्याची पोर मी, एका क्षणाचं काम. तिनं सुई आणून दिली. चष्मा लावला, साडी मांडीवर घेतली, धागा बोटानं चाचपला. मग सुई मीराला परत दिली.